काम आहे, पण तेथें पोंचावयाचें कसें?

(शेतकरी, कारागीर व मजूर यांच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



मास्तर बोलावयास उभा राहिला म्हणजे तो विद्येवर बोलणार, अशी तुमची अटकळ असेल. मी विद्येवरच बोलणार आहें, पण आज जरा आडवाटेनें जाणार आहें.

माझ्या शाळेंत चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. पाढे तोंडपाठ, अक्षर नीटनेटकें. परंतु रोज अर्धा तास उशिरां येई. दोन वेळां मीं त्याला समज दिली, तिसऱ्या वेळीं वर्गाबाहेर उभें केलें. चौथ्या दिवसापासून तो येईनासा झाला, म्हणून मी त्याच्या घरीं गेलों. पाहतों तों मुलगा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन चुलीपाशीं बसलेला! चौकशी करतां सर्व हकीकत कळली. त्याची आई चौदा किलोमीटरांवरील एका कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखालीं माल बांधण्याचें काम करी. सकाळीं सातची एस.टी. धरली म्हणजे आठची पाळी बरोबर मिळे. पुढें ती गाडी बंद झाली आणि त्यानंतरची गाडी पावणेआठला सुटूं लागली. आतां बाई दरवाज्याशीं पोंचे तों सव्वाआठ होऊन जात. पहिल्या दिवशीं दटावणी झाली, दुसऱ्या दिवशीं अर्धा रोज कापला. मग ती पहाटे घर सोडून पायीं हमरस्त्यापर्यंत जाऊं लागली व तेथून वडाप धरूं लागली. मुलानें बहिणीला न्हाऊं घालावयाचें, शेजारणीकडे पोंचवावयाचें आणि मग शाळेंत यावयाचें. त्याचा उशीर तो हा! शेवटीं वडापाचें भाडें परवडेना आणि वडाप भरल्याशिवाय हलेना. महिन्यांत चार खाडे झाले. ठेकेदारानें सांगितलें, "उद्यांपासून येऊं नको." तेव्हांपासून ती माउली उजाडतांच मिळेल त्या शेतावर जाते, परतण्याचा नेम नाहीं, म्हणून मुलगा घरीं.

बंधूंनो, मीं मुलाला वर्गाबाहेर उभें केलें आणि ठेकेदारानें आईला दरवाज्याबाहेर. आम्हीं दोघांनींही फक्त घड्याळ पाहिलें. उशीर कां झाला, हें दोघांपैकीं एकानेंही विचारलें नाहीं. त्या दिवसापासून माझ्या मनाला जी टोंचणी लागली आहे, ती आज तुमच्यापुढें मांडतों.

गरीब माणसाचें काम जातें तेव्हां लोक काय म्हणतात? आळशी आहे, व्यसनी असेल, वेळेची किंमत नाहीं. असे लोक नसतात असें मी म्हणत नाहीं. पण पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणारी बाई आळशी कशी? तिची गाडी चुकली हा तिचा दोष, आणि गाडीच सुटली नाहीं तर तोही तिचाच दोष? ज्याच्या दारांत मोटार उभी असते त्याला उशीर झाला तर ती अडचण ठरते. आपल्याला उशीर झाला तर तो गुन्हा ठरतो. हा न्याय उलटा आहे.

पूर्वीं ही अडचण एवढी नव्हती, कारण काम घरापाशीं होतें. सुताराचा कामठा, लोहाराचा भाता, कुंभाराचें चाक, कोष्ट्याचा माग, चांभाराची आरी हीं सारीं उंबरठ्याच्या आंत किंवा अंगणांत. बलुत्याचें जिणें सुखाचें होतें असें मी मुळींच म्हणणार नाहीं. त्यांत अपमान होता, उपासमार होती. पण कामावर जाण्यास भाडें पडत नसे. यंत्राचा माल आला, मडक्याच्या जागीं प्लॅस्टिक आलें, नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आला आणि कारागिराची पोरें गांवाबाहेर पडलीं. जमिनीचे वांटे होतां होतां शेतकऱ्याचीं पोरेंही त्यांच्यामागें निघालीं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि पुढें जिल्ह्याजिल्ह्यांत वसाहती उभ्या राहिल्या. काम वसाहतींत गेलें, घर गांवांतच राहिलें. कारण वसाहतीजवळची खोली दरमहा जें भाडें मागते तें आपल्या मिळकतींत बसत नाहीं. गरीब माणूस कामापासून दूर राहतो तो हौसेनें नव्हे. दूरची जागाच तेवढी स्वस्त असते, म्हणून राहतो. आणि घरभाड्यांत वांचलेले पैसे गाडीभाड्यांत जातात.

आतां थोडा हिशेब करूं. शाळेंतलें गणित पोटाशीं जोडलें तर लवकर समजतें. धरून चाला कीं एका बाईला रोज चारशें रुपये मिळतात. वडापाचे जातांना तीस व येतांना तीस, म्हणजे साठ रुपये झाले. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर मिळकत दहा हजार चारशें, आणि त्यांतून भाडें पंधराशें साठ. म्हणजे शंभरांतले पंधरा रुपये काम करण्यापूर्वींच गेले! सव्वीस दिवसांतले जवळजवळ चार दिवस ती बाई केवळ वडापवाल्याकरितां राबली. त्यांत दोन वेळां उशीर होऊन अर्धा अर्धा रोज कापला गेला, तर आणखी एक दिवस गेला. वर्षभर तिच्या हातांत राहतें काय, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

आणखी एक गंमत पहा. तिला गंमत म्हणावयाची कीं क्रूर थट्टा, तें तुम्हींच ठरवा. एस.टी.चा मासिक पास काढला तर वीस दिवसांचें भाडें भरून तीस दिवस जातां येतां येतें. समजा, जाण्यायेण्याचें भाडें पन्नास रुपये आहे. पास एक हजाराला पडेल. रोज तिकीट काढलें तर सव्वीस दिवसांचे तेराशें होतील. पासांत तीनशें रुपये वांचतात. पण महिन्याच्या आरंभीं एक हजार रुपये एकदम काढावयाचे कोठून? वाण्याची उधारी, बचतगटाचा हप्ता, म्हाताऱ्याचें औषध यांतच पगार संपलेला. म्हणून ज्याच्यापाशीं हजार रुपये आहेत त्याला प्रवास स्वस्त, आणि ज्याच्यापाशीं नाहींत त्याला तोच प्रवास महाग! वर्षाचे छत्तीसशें रुपये, म्हणजे चारशें रोजाच्या माणसाची नऊ दिवसांची मजुरी, केवळ गरीब असल्याचा दंड म्हणून जाते. गरिबी म्हणजे नुसता पैशाचा तुटवडा नव्हे. ज्याच्यापाशीं कमी आहे त्याच्याकडूनच जास्त घेणारी ती सावकारीण आहे.

कोणी म्हणेल, "मोटारसायकल घ्या." घेतात कीं! कर्ज काढून घेतात. हप्ता भरावयाचा म्हणून काम सोडवत नाहीं, आणि पेट्रोल शंभरांच्या वर गेलें म्हणून काम परवडत नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत शेती व घरगुती उद्योगांखेरीज इतर कामें करणाऱ्यांस, कामावर कसे जातां, असें विचारलें होतें. सबंध देशांत जे बाहेर कामावर जात होते त्यांत सर्वांत मोठी संख्या पायीं जाणाऱ्यांची निघाली व त्यांच्या खालोखाल सायकलवाल्यांची. मोठमोठ्या रस्त्यांचीं चित्रें आपण रोज पाहतों. पण त्या रस्त्यांच्या कडेनें चालणारा माणूस त्या चित्रांत दिसत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत गरिबाचें वाहन म्हणजे एस.टी. १ जून १९४८ रोजीं पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान तिची पहिली गाडी धांवली. त्या लाल गाडीनें शेतकऱ्याचा भाजीपाला बाजारांत नेला, पोरींना हायस्कुलांत नेलें, बाळंतिणीला दवाखान्यांत नेलें. मीही तिच्याच टपावर ट्रंक टाकून अध्यापक विद्यालयांत गेलों. तिचे उपकार मी विसरणार नाहीं. पण कोविडच्या सांथीपूर्वीं जिच्या ताफ्यांत अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, तिच्यापाशीं २०२४ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपासच उरल्या. गाड्या घटल्या म्हणजे पहिली कात्री कोठें लागते? पुण्यामुंबईच्या गाडीला नव्हे. आडगांवच्या मुक्कामी गाडीला लागते. मुक्कामी गाडी गेली म्हणजे पहाटेची गाडी गेली, आणि पहाटेची गाडी गेली म्हणजे पहिल्या पाळीचें काम गेलें.

गाडी अजिबात थांबली तर काय होतें, हें आपण एकदां भोगलें आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या कामगारांना मी दोष देत नाहीं. तेही आपल्याच घरचे. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर नाहीं, आणि कित्येकांनीं निराशेनें जीव दिला. पण गांवांत कोणाचें काय झालें? मोटारवाल्याचें कांहीं अडलें नाहीं. पाळीवर जाणारा, बाजाराला जाणारा, शाळेंत जाणारी पोर यांचेंच अडलें. खासगी गाड्यांनीं मागेल तें भाडें घेतलें. तिकडे कष्टकरी चालक-वाहक उपाशी, इकडे कष्टकरी उतारू घरीं बसलेला. दोन गरीब एकमेकांसमोर उभे राहिले, आणि तोडगा ज्यांच्या हातीं होता ते लांबून पाहत बसले. यावरून आपण एवढें शिकावें कीं वाहकाच्या पगाराचा प्रश्न व मजुराच्या हजेरीचा प्रश्न हे दोन प्रश्न नव्हेत, एकच आहे.

मुंबईंत आपल्यापैकीं पुष्कळांचे भाऊबंद आहेत, त्यांना विचारा. मार्च २०२० मध्यें लोकल गाड्या बंद झाल्या. जूनपासून त्या धांवूं लागल्या, पण फक्त अत्यावश्यक सेवेंतल्या लोकांसाठीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें ठराविक वेळांपुरत्या सर्वांना खुल्या झाल्या, एप्रिलमध्यें पुन्हां बंद झाल्या, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना परवानगी मिळाली. सांथ खरी होती, काळजी घेणें भागच होतें. हें मी नाकारीत नाहीं. पण दुकानें व कचेऱ्या उघडल्या, कामावर या म्हणून निरोप आले, आणि गाडी मात्र नाहीं! विरार, बदलापूर, कर्जत येथें जो राहतो तो स्वस्त लोकलच्या भरंवशावर राहतो. ती गाडी काढून घेतल्यावर बसच्या रांगेंत त्याचे तासचे तास गेले, आणि ज्यांना तेंही झेपलें नाहीं त्यांचें काम गेलें.

आणि त्याच वर्षींची ती गोष्ट कोण विसरेल? जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यांतले मध्य प्रदेशांतील मजूर काम नाहीं, गाडी नाहीं म्हणून रुळांच्या वाटेनें भुसावळकडे पायीं निघाले. आगगाड्या बंदच आहेत असें समजून, थकून रुळांवरच निजले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीनें त्यांतील सोळा जणांचा प्राण घेतला. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर पसरलेल्या साऱ्या देशानें पाहिल्या. ज्या रुळांवरून त्यांना सुखरूप घरीं न्यावयाचें त्याच रुळांवर ते मेले.

तें सांथीचें वर्ष होतें म्हणून सोडून द्यावें, तर अगदीं कालपरवांचें पहा. ४ एप्रिल २०२५ रोजीं हिंगोली जिल्ह्यांतील गुंज गांवच्या मजूर बाया नांदेड जिल्ह्यांतील आलेगांवच्या शिवारांत शेतकामाला निघाल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत पडला आणि सात जणी बुडून मेल्या. ट्रॉली ही ऊंस, खत, माती वाहण्याकरितां आहे. तींत आपण आपल्या आयाबहिणी भरतों, कारण त्यांच्यासाठीं दुसरें वाहन नाहीं. येथें मला शेतकरी बंधूंना हात जोडून एक सांगावयाचें आहे. ठेकेदाराला नांवें ठेवणें सोपें. पण सुगींत आपणही मालक होतों. त्या वेळीं आपल्या शेतावर येणाऱ्या बाया कशांत बसून येतात, हें आपण पाहतों काय? आपल्या बैलांना नेतांना जेवढी काळजी घेतों तेवढी तरी घेतों काय?

कायदा याबाबत अगदींच मुका नाहीं, हें सांगणें माझें कर्तव्य आहे. काम घराजवळ असावें, हा विचार आपल्या राज्यानेंच प्रथम अंमलांत आणला. १९७२ च्या दुष्काळांत हजारों लोक खडी फोडावयास गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना निघाली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. पुढें २००५ सालच्या देशाच्या कायद्यांत असें घातलें कीं, काम राहत्या जागेपासून पांच किलोमीटरांच्या आंत द्यावें. त्याहून दूर दिलें तर मजुरीवर शेंकडा दहा जास्त द्यावे. त्या शेंकडा दहांत मोठें तत्त्व आहे: जाण्यायेण्याचा बोजा एकट्या मजुरानें सोसावयाचा नाहीं. सरकारी खडीवर जें तत्त्व मान्य झालें, तें कारखान्याच्या दरवाज्याशीं कां अमान्य व्हावें?

दुसरी गोष्ट. आपल्याच महाराष्ट्रांतील एका साखर कारखान्याचा राखणदार २००३ सालीं पहाटे तीनच्या पाळीसाठीं मोटारसायकलीनें निघाला. कारखाना पांच किलोमीटर राहिला असतां अपघातांत मेला. मागें विधवा बायको, चार मुलें व म्हातारी आई. वाटेवर मेला, कामावर नव्हे, म्हणून भरपाई नाहीं, असा वाद निघाला. सव्वातीन लाखांची भरपाई खालीं मिळाली, उच्च न्यायालयांत गेली, आणि जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती परत दिली. घरापासून कामापर्यंतच्या वाटेवरचा अपघातही, कामाशीं त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच समजावा, असा तो निकाल आहे. बावीस वर्षें लागलीं! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही हें तत्त्व घातलें असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली आहे. म्हणून सांगतों, पाळीची वेळ, हजेरीचा कागद, तिकीट, पास हें जपून ठेवा. घरांतल्या लिहितां येणाऱ्या पोरीला एक वही करावयास सांगा. कामावर कोण, कोठें, कोणत्या ठेकेदाराकडे, कितीच्या पाळीला जातो, हें तींत लिहून ठेवा. विद्येचा उपयोग तो हाच.

आतां आपण करावयाचें काय? नुसतें रडून गाडी येत नाहीं. मला चार गोष्टी सुचतात.

पहिली. गांवांतून बाहेर कामावर जाणाऱ्या सर्वांची यादी करा: नांव, कामाचें ठिकाण, पाळीची वेळ. शेजारच्या दोन गांवांनाही बरोबर घ्या. ही यादी ग्रामसभेंत ठेवून ठराव करा, आणि ठरावाची नक्कल आगार व्यवस्थापकाला देऊन पोंच घ्या. "गाडी सोडा" असें मोघम सांगून कोणी ऐकत नाहीं. "अमुक वाजतां, अमुक फांट्यावर, साठ उतारू रोज चढतील" असें लिहून दिलें तर त्याला उत्तर द्यावें लागतें.

दुसरी. बचतगटांनीं पाससाठीं वेगळा निधि काढावा. महिन्याच्या आरंभीं पासाचे पैसे उसने द्यावे, पगारावर परत घ्यावे, व्याज घेऊं नये. मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.त अर्धें तिकीट आहे. परंतु जानेवारी २०२५ मध्यें भाडें शेंकडा पंधराच्या जवळपास वाढलें, हेंही लक्षांत ठेवा. आणि जेथें गाडीच येत नाहीं तेथें अर्धें तिकीट घेऊन काय चाटावयाचें आहे?

तिसरी. कारखान्याच्या मालकांकडे व ठेकेदारांकडे एकेकट्यानें जाऊं नका, सर्वांनीं मिळून जा. पुष्कळ ठिकाणीं कायम कामगारांना कंपनीची गाडी असते व ठेक्याच्या मजुराला नसते. तींत रिकाम्या जागा असतील तर मागा. गाडी उशिरां आल्याचा दाखला दिला तर रोज कापूं नये, अशी बोली कामावर लागतांनाच करा. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी कामगारांना एकत्र करून अर्ज केले, सभा भरवल्या, आणि १८९० सालीं रविवारची सुट्टी मिळवली. त्यापूर्वीं ती सुट्टी अशक्यच वाटत होती.

चौथी. शेतमालकांनीं व मुकादमांनीं ठरवावें कीं ट्रॉलींत माणसें भरावयाचीं नाहींत. चार शेतकऱ्यांनीं मिळून एक बसण्याजोगी गाडी ठरवली तर खर्च वांटला जातो. पांच दहा रुपये जास्त पडतील. पण विहिरीवरून सात तिरड्या उचलण्याचा प्रसंग येणार नाहीं.

बंधुभगिनींनो, रस्ते पुष्कळ झाले. आपल्या गांवापर्यंतही डांबर आलें. पण रस्ता झाला म्हणजे वाट झाली असें नव्हे. ज्या रस्त्यावर गरिबाला वेळेवर व परवडेल अशी गाडी मिळत नाहीं, तो रस्ता दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीचा आहे.

तो मुलगा पुन्हां शाळेंत येतो. त्याच्या बहिणीला आम्हीं अंगणवाडींत बसवलें आणि मीं उशिराची शिक्षा बंद केली. माझ्या हातांत होतें तेवढें झालें. पण त्याच्या आईला तें काम अद्यापि परत मिळालेलें नाहीं, आणि सातची गाडीही परत आलेली नाहीं. ती आणणें माझ्या एकट्याच्या हातचें नाहीं, तुमच्याही एकट्याच्या हातचें नाहीं. तें आपणां सर्वांच्या हातचें आहे. यादीसाठीं कोरी वही मीं बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांच्या घरचें माणूस बाहेर कामावर जातें त्यांनीं थांबून नांव सांगावें. ज्यांना लिहितां येतें त्यांनीं स्वतः लिहावें. ज्यांना येत नाहीं त्यांचें मी लिहीन.